बारा मुलांच्या शाळेचा टक्का

जुन्नरच्या पश्चिमेला घाटघर-अंजनावळ्याकडे गेलं, किंवा आंबेगावात आहुप्याच्या वाटेला लागलं, की जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन खोल्या, पुढे पडवी, मागे खिचडी शिजवायची शेड आणि पटावर दहा-पंधरा-वीस मुलं. त्याच तालुक्यांच्या पूर्वेला, नारायणगाव, ओतूर, मंचर या बाजारगावांत, शाळेचा पट शंभर-दोनशेच्या घरात असू शकतो. पण पंचायत समितीच्या तक्त्यात या दोन्ही शाळा एकाखाली एक, सारख्याच उंचीच्या ओळीत बसतात. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात टक्का असतो. ग्रामसभेत, पुरवणीतल्या बातमीत आणि बदलीच्या काळात शिक्षकांच्या गप्पांत बोलला जातो तो हा टक्का. तो कुठून येतो आणि लहान शाळेच्या बाबतीत त्यावर कितपत विसंबावं, ते जरा सावकाश पाहू.

आधी कारभार कोणाचा ते. १ मे १९६२ ला राज्यात जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुणे जिल्हा परिषदेच्या अशा साडेतीन हजारांच्या वर शाळा आहेत. वर प्राथमिक विभागाचे शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली बीट सांभाळणारे विस्तार अधिकारी आणि साधारण दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी एवढ्याशा गावाचासुद्धा स्वतंत्र ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ असतो: निवडून आलेलं शाळा मंडळ आणि मालमत्ता करातून येणारा स्वतःचा पैसा. आपल्याकडे आकाराने त्याच्या जवळ जाणारं एकक म्हणजे केंद्र. पण केंद्राला ना कर लावता येतो, ना शिक्षक नेमता येतो. केंद्रप्रमुखाच्या हातात शाळाभेट असते, शिक्षण परिषद असते आणि माहिती गोळा करणं असतं. माहिती गोळा करण्यातच त्याचा बराचसा महिना जातो, ही तक्रार कुठल्याही केंद्रात ऐकायला मिळेल आणि ती खोटी नाही.

माहितीचा उगम मात्र शाळेतल्या एका जाड वहीत असतो. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. मुलाचं नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण, एवढं सगळं एका आडव्या ओळीत. ही वही कायम जतन करायची असते, म्हणून जात पडताळणीसाठी आजोबांचा दाखला शोधत लोक याच वहीपाशी येतात. शिक्षक मार्च-एप्रिलमध्ये वाडीवर घरोघरी फिरून दाखलपात्र मुलांची यादी करतात. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पहिलीला दाखलपात्र. जूनच्या मध्याला शाळा उघडते, फुगे-फुलं लावून प्रवेशोत्सव होतो, नाव वहीत चढतं आणि पट एकाने वाढतो.

वहीतलं हे नाव मग संगणकावर जातं. प्रत्येक शाळेला यू-डायसचा अकरा अंकी क्रमांक आहे. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, पुण्याचे २५. मग दोन अंक गटाचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन त्या गावातल्या शाळेचे. राज्याची ‘सरल’ प्रणाली २०१५ मध्ये आली. यू-डायस प्लसवर २०२२-२३ पासून शाळेची बेरीज न घेता एकेका मुलाची स्वतंत्र नोंद घ्यायला सुरुवात झाली. या बदलाचं महत्त्व मोठं आहे. पूर्वी मुख्याध्यापक ‘पहिलीत मुलगे ४, मुली ३’ असं लिहून देत आणि ते खरं मानलं जाई. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला शाई लावून डोकी मोजली गेली, तेव्हा लाखो मुलं फक्त कागदावर असल्याचं उघड झालं. त्यानंतरच आधार आणि मुलाच्या स्वतंत्र क्रमांकाचा आग्रह वाढत गेला.

या आग्रहाची दुसरी बाजू वाडीवरच्या शिक्षकाला विचारावी. शिक्षकांची पदं ठरवताना आधार जुळलेलीच मुलं धरली जातात. जनरल रजिस्टरमध्ये एक आडनाव, आधारवर दुसरं, जन्मतारखेत वर्षाचा फरक, असं झालं की मूल वर्गात रोज येतं, खिचडी खातं, पण पदाच्या हिशेबात येत नाही. शंभराच्या शाळेत अशी दोन मुलं निसटली तर फारसं बिघडत नाही. वीसच्या काठावरच्या शाळेत दोन मुलं म्हणजे एक शिक्षक.

म्हणून एकाच शाळेचे प्रत्यक्षात तीन आकडे असतात. वहीतला पट, हजेरीपत्रकावरची उपस्थिती आणि पोषण आहारात त्या दिवशी जेवलेली मुलं. मला विचाराल तर तिसऱ्यावर मी सर्वांत जास्त विश्वास ठेवीन. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे, आणि तो रोजच्या रोज नोंदवायचा. भाताच्या आवणीच्या दिवसांत पट बावीस आणि जेवणारे तेरा असतील, तर तेरा हा आकडा त्या गावाबद्दल पुष्कळ काही सांगतो.

आता ही मुलं कोणाची, ते पाहू. निकालाचं बहुतेक स्पष्टीकरण इथेच मिळतं.

२०११ च्या जनगणनेत जुन्नर तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख आणि आंबेगावची सुमारे दोन लाख पस्तीस हजार होती. दोन्हीकडे साधारण पाचातला एक माणूस अनुसूचित जमातीतला. त्यांत महादेव कोळी सर्वांत जास्त, त्यांच्याबरोबर ठाकर आणि कातकरी. पण हे ‘पाचात एक’ तालुक्यावर सारखं पसरलेलं नाही. माणिकडोह आणि डिंभे धरणांच्या वरच्या खोऱ्यांतल्या गावांत जवळजवळ सगळं गाव आदिवासी, तर पूर्वेच्या बागायती पट्ट्यात हे प्रमाण अगदी थोडं. पश्चिमेची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात आणि आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे. तेव्हा ‘आंबेगाव तालुक्याची सरासरी’ असं कोणी म्हटलं, की ती नेमकी कुठल्या गावाची असा प्रश्न पडतो. डोंगरातल्या गावालाही ती लागू पडत नाही आणि मंचरलाही नाही.

पश्चिमेच्या गावात शाळेचं वर्ष शेतीच्या वर्षाला बांधलेलं असतं. जुलैत पावसाने वाट अडते आणि घरातली मोठी माणसं आवणीला जातात, तेव्हा धाकट्याला सांभाळायला तिसरी-चौथीतली मुलगी घरी राहते. भात झोडून झालं की अनेक कुटुंबं मजुरीसाठी पूर्वेला उतरतात: कांद्याची लागण, द्राक्षाच्या बागा, टोमॅटो. नारायणगावात मजुरांचा बाजारच भरतो. मग मार्चपासून बाळहिरडा वेचायचे दिवस येतात, आणि या डोंगरात रोख पैसा देणारं हे मोठं पीक. नेमक्या त्याच काळात शाळेत वर्षाअखेरचं संकलित मूल्यमापन असतं.

शिवाय या गावातली सगळी मुलं जिल्हा परिषदेच्याच शाळेत असतात असंही नाही. आहुपे, गोहे यांसारख्या ठिकाणी शासकीय आश्रमशाळा आहेत. तिथे राहायची-जेवायची सोय असते, त्यामुळे मजुरीला जाणारे आईवडील मुलाला तिथे ठेवणं पसंत करतात. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, वाडीची शाळा जिल्हा परिषदेची. मूल एका खात्याच्या पटावरून दुसऱ्या खात्याच्या पटावर जातं आणि वाडीच्या शाळेच्या ओळीत नुसती घट दिसते.

पूर्वेला चित्र उलटं आहे. बागायतदाराचं, दुकानदाराचं, नोकरदाराचं मूल सकाळी पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातं. जिल्हा परिषदेच्या शाळेत राहतात त्यांत शेतमजुरांची, बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांची, पश्चिमेकडून उतरलेल्या कुटुंबांची मुलं बरीच. हंगामात निवृत्तिनगरच्या विघ्नहर आणि पारगावच्या भीमाशंकर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. त्यांतली मुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि गळीत संपलं की जातात. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. म्हणजे मूळ गावच्या शाळेने कार्ड द्यायचं आणि इथल्या शाळेने दाखला न मागता वर्गात बसवायचं. पण पट मूळ गावी, शिकवणं इथे, आणि चाचणीच्या दिवशी मूल कुठे असेल ते मुकादमाच्या हातात. त्यात उसाबरोबर बिबट्या आहेच. २०२५ च्या नोव्हेंबरात हल्ले वाढले तेव्हा या भागातल्या शाळांच्या वेळा बदलून मुलांचं जाणं-येणं दिवसाउजेडी बसवावं लागलं.

पट कमी होण्याचं खापर लोक एकतर इंग्रजी शाळांवर फोडतात नाहीतर गुरुजींवर. त्यात थोडं तथ्य आहे. पण मुळात मुलंच कमी जन्मताहेत, ही साधी गोष्ट चर्चेत येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला. म्हणजे बाईमागे दोन मुलंसुद्धा नाहीत. साठ उंबऱ्यांच्या वाडीत एका वर्षी पहिलीला एकही मूल दाखलपात्र नसणं, हे आता नवलाचं राहिलेलं नाही.

पटावरून शिक्षक ठरतात, त्याला संच मान्यता म्हणतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या जोडपत्रातलं मूळ गणित पहिली ते पाचवीसाठी असं आहे: साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच, आणि दीडशेच्या वर गेलं की मुख्याध्यापक वेगळा. राज्य त्याला वेळोवेळी आपल्या अटी जोडत गेलं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने वीसपर्यंत पटाच्या शाळेत नियमित शिक्षक एक आणि गरजेप्रमाणे दुसरा सेवानिवृत्तांतून, अशी तरतूद आणली, आणि त्यावर शिक्षक संघटनांनी बराच आवाज उठवला.

कागदावर बारा मुलांना दोन शिक्षक म्हणजे चैन वाटते. शहरातल्या वाचकाला तर हेवाच वाटेल. आत डोकावून पाहिलं तर काय दिसतं? एक शिक्षक पहिली-दुसरी घेतो, दुसरा तिसरी-चौथी. एका फळ्याचे खडूने दोन भाग केलेले. डावीकडे दुसरीची हातच्याची बेरीज, आणि पहिलीची तीन मुलं खाली बसून खडे मोजताहेत. त्यांतलं एक कातकरी वस्तीवरचं. घरची बोली वेगळी, म्हणून पुस्तकातली मराठी त्याला अजून सरावाची नाही. दुसरे गुरुजी आज घोडेगावला बैठकीला. मग चारही वर्ग एका खोलीत. अशा द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की ती त्या दिवसापुरती एकशिक्षकी होते. वर्षभरात असे दिवस किती झाले, हे कुठल्याच निकालाच्या तक्त्यात येत नाही, आणि माझ्या मते यायला हवं.

बदल्यांचाही यात हात असतो. २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणाने शाळा सर्वसाधारण आणि अवघड अशा दोन क्षेत्रांत विभागल्या. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की तिथून बदली मागण्याचा हक्क मिळतो. शिक्षकाच्या बाजूने पाहिलं तर हे न्याय्यच आहे. मुलांच्या बाजूने पाहिलं, तर पहिलीत ज्यांच्या हाताखाली अक्षरं गिरवली ते गुरुजी चौथीत असतीलच, याची खात्री डोंगरातल्या शाळेत कमी राहते.

आता टक्का. ‘शाळेची गुणवत्ता’ म्हणून जे आकडे फिरतात ते एका मापाचे नसतात.

शाळा स्वतः घेते ते आकारिक आणि संकलित मूल्यमापन. त्यातून अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी येतात. शिकवणारा, प्रश्न काढणारा आणि तपासणारा एकच असतो, त्यामुळे एका शाळेचा अ-२ दुसऱ्या शाळेच्या अ-२ शी ताडून पाहण्यात अर्थ नाही. राज्याची पायाभूत आणि संकलित चाचणी सर्वांना एकाच प्रश्नपत्रिकेची असते, पण तपासतात शाळेतच. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर पुनर्परीक्षा आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात.

मग राष्ट्रीय सर्वेक्षणं. १२ नोव्हेंबर २०२१ ला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं. ४ डिसेंबर २०२४ ला त्याचा पुढचा अवतार ‘परख’ तिसरी, सहावी आणि नववीला झाला. यात शाळा नमुन्याने निवडतात आणि निष्कर्ष जिल्ह्यापर्यंतच काढतात. ‘प्रथम’ची ‘असर’ पाहणी २००५ पासून चालू आहे. ती शाळेत न जाता घरी जाते, जिल्ह्यातली तीस गावं आणि गावातली वीस घरं. मुलासमोर एक कागद धरतात: आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकाने भाग. देशभरच्या सरकारी शाळांतली तिसरीची मुलं घेतली, तर दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के. करोनाकाळात शाळा बंद राहिल्याचा खड्डा आणि तो भरून येणं, दोन्ही या आकड्यांत दिसतं. पण पुणे जिल्ह्यात तेरा पंचायत समित्या आहेत. तीस गावांत जुन्नर-आंबेगावच्या वाट्याला मोजकीच येणार. म्हणून ‘असर’वरून देशाबद्दल आणि राज्याबद्दल बोलता येतं, जुन्नरमधल्या इंगळूनसारख्या एका गावाच्या शाळेबद्दल नाही.

गावात खरा मान असतो तो शिष्यवृत्तीला. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते ती. दोन प्रश्नपत्रिका, मिळून तीनशे गुणांच्या: भाषा आणि गणित एकीत, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी दुसरीत. वर्षानुवर्षं ती चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला आली आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे वळवली आहे. गुणवत्ता यादीत नाव आलं की चौकात फलक लागतो. नवोदयचंही तसंच. जिल्ह्याचं नवोदय विद्यालय शिक्रापूरला, सहावीला ऐंशी जागा आणि त्यासाठी अख्ख्या जिल्ह्यातून अर्ज. या परीक्षांच्या यशाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, अनेक शिक्षक सुटीत जादा तास घेऊन मुलांना तिथवर नेतात. पण टक्का काढताना खाली कोणती संख्या घेतली ते विचारावं. वर्गात वीस मुलं, परीक्षेला बसवली सहा, पात्र झाली पाच. कोणी ८३ टक्के म्हणेल, कोणी २५. उरलेल्या चौदांचं वाचन कसं आहे, हे दोन्ही आकडे सांगत नाहीत.

लहान शाळेच्या टक्क्याची खरी गंमत आकडेमोडीत आहे. बारा मुलांची एक शाळा कल्पनेत घेऊ. पहिली ते चौथी, दर वर्गात तीन मुलं. परिच्छेद नीट वाचणारी मोजली: पहिलीत कोणी नाही, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत तीन. बारांत आठ, म्हणजे ६७ टक्के. पुढच्या जूनमध्ये चौथीची तिघं पाचवीला हायस्कूलमध्ये गेली. तिसरीतून चौथीत आलेल्या तिघांपैकी एक नारायणगावच्या इंग्रजी शाळेत गेलं, दोन राहिली, दोघंही वाचतात. दुसरीची तिसरीत आली आणि आता तिघंही वाचतात. पहिलीची दुसरीत आली, त्यांतली दोन वाचू लागली. पहिलीत या वर्षी पाच नवी मुलं. आता पट तेरा, वाचणारी सात, टक्का ५४. वर्षभरात तेरा टक्क्यांची घसरण! पट वाढला, एकही मूल वाचायचं विसरलं नाही, तिघं नव्याने वाचायला शिकली, आणि तक्त्यात शाळा लाल रंगात गेली. आढावा बैठकीत गुरुजींना उभं करून ‘का घसरला’ असं विचारलं जाईल आणि ते ‘प्रयत्न करतो, साहेब’ म्हणून खाली बसतील.

हे उलटही होतं. कधी पहिलीला कोणीच नसतं आणि शाळा शंभर टक्के होते. तेव्हा सत्कार होतो.

त्यामुळे तीस-चाळीसच्या आतल्या शाळेसाठी टक्का काढूच नये, मुलं मोजावीत, असं माझं मत आहे. ‘दुसरीत तीन, त्यांतली दोन वाचतात, तिसरं डिसेंबरपासून आईबरोबर मजुरीला गेलं होतं’ हे वाक्य टक्क्यापेक्षा जास्त काम करतं, कारण त्यावरून काय करायचं ते कळतं. मात्र ते शाळेच्या आत, शिक्षकांच्या वहीतच राहिलेलं बरं. अमेरिकेत फार लहान गटांचे निकाल जाहीर तक्त्यात झाकून ठेवतात. दहाच्या आतले आकडे छापले की कोणाचं मूल मागे आहे ते सगळ्या गावाला कळतं, हे त्यामागचं कारण. आपल्याकडे दोन मुलांच्या वर्गाचा ‘५० टक्के’ निकाल फलकावर लागतो, आणि ते नापास मूल पाणवठ्यावर ओळखलं जातं.

आणखी एक रकाना असाच फसवतो, तो गळतीचा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेची शाळा पुष्कळ ठिकाणी चौथीपर्यंत आणि पाचवी संस्थेच्या हायस्कूलमध्ये, अशी जुनी रीत आहे. कायद्याने पाचवी प्राथमिकमध्ये घातली तरी ही रीत पुरती मोडलेली नाही. मूल चौथी पास होऊन निघालं की यू-डायसवर ते ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये जाऊन पडतं. नव्या शाळेने त्याला तिथून ओढून आपल्या पटावर घेतलं की नोंद पुरी होते. तोवर संगणकाच्या लेखी ते शाळाबाह्य. जुलै-ऑगस्टमध्ये मुख्याध्यापक एकमेकांना फोन करून ‘आमची चार पोरं तुमच्याकडे आलीत, तेवढी घ्या की’ म्हणत असतात ते याचसाठी. जो खरंच शाळा सोडून गुरांमागे गेला आणि जो नुसता हायस्कूलच्या लिपिकाच्या टेबलावर अडकलाय, त्या दोघांत काही काळ फरक दिसत नाही.

शेजारच्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला. अगदी मोजक्या मुलांवर आलेला तिचा पट शंभरापलीकडे गेला. हे यश मोठं आहे आणि सरकारी शाळेत ते होऊ शकतं हे दिसलं, ते त्याहून मोठं. पण कुठल्याही नावाजलेल्या शाळेकडे पाहताना पट कुठून वाढला हेही पाहावं लागतं. मूल लांबून आणायची ज्यांची तयारी आणि ऐपत असते, ते पालक आधीच जागरूक असतात. ते आले की त्या शाळेचा निकाल वर जातो आणि त्यांची जुनी शाळा आणखी रोडावते. आंबेगावच्या डोंगरातल्या आईला हा पर्याय नसतो. तिची शाळा पायवाटेवरची, हीच.

म्हणून शेवटी प्रश्न येतो शाळा राहणार की नाही याचा. २०२३ मध्ये राज्याने वीसपर्यंत पटाच्या शाळा मोजल्या. १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. आपण वर कल्पनेत घेतलेली शाळा राज्याच्या हिशेबात अशी अगदी सरासरी निघते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षण आयुक्तालयाने अशा शाळांच्या समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून पुढे होती पुणे जिल्ह्यातलीच पानशेतची समूह शाळा. आजूबाजूच्या लहान शाळांची मुलं एका ठिकाणी आणायची, गाडीची सोय करायची, वर्गवार शिक्षक द्यायचे. कल्पना टाकाऊ नाही. पाच-सहा मुलांच्या शाळेत कबड्डीचा संघ होत नाही, गटात वाद घालत शिकणं होत नाही आणि तिसरीत एकटंच असलेलं मूल वर्षभर कोणाशी स्पर्धा करत नाही की कोणाची कॉपीही.

अडचण अंतराच्या मोजणीत आहे. नियमाने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी आणि सहावी ते आठवीची तीन. नकाशावर दोन वाड्यांमधलं अंतर नऊशे मीटर असतं आणि मधे ओढा असतो. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत तो ओलांडता येत नाही आणि रस्त्याने वळसा घातला तर तेच अंतर पाच-सहा किलोमीटर होतं. वाहतूक भत्ता मंजूर झाला तरी गाडीवाला वाडीपर्यंत यायला तयार हवा. सहा वर्षांच्या मुलीला रोज एवढं पाठवायचं का, हे घरात ठरतं, आणि उत्तर ‘नको’ आलं तर ती आधी हजेरीतून आणि मग पटावरून कमी होते. मुलींची उपस्थिती टिकावी म्हणून १९९२ पासून मागास घटकांतल्या चौथीपर्यंतच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया भत्ता आहे. अनेक वर्षं तो रुपयाच राहिला.

असा प्रस्ताव आला तर शाळा व्यवस्थापन समितीला म्हणणं मांडता येतं. समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या महिला, असं कायदाच सांगतो. ठरावाला जोडायचे कागद शाळेतच पडलेले असतात. मागच्या पावसाळ्यातल्या जुलै आणि ऑगस्टच्या पोषण आहाराच्या नोंदी, म्हणजे त्या हवेत किती मुलं खरोखर पोचली ते दिसेल. अंगणवाडीच्या रजिस्टरवरून पुढच्या तीन वर्षांत दाखलपात्र होणाऱ्या मुलांची यादी, म्हणजे पट तात्पुरता खाली आहे की कायमचा ते कळेल. आणि गेल्या पाच वर्षांत चौथीतून निघालेलं प्रत्येक मूल आज कुठल्या शाळेत, कितवीत आहे त्याची ओळ, जी जनरल रजिस्टर उघडून दोन संध्याकाळी बसलं तर तयार होते. टक्क्याचा रकाना रिकामा ठेवला तरी चालेल.